कविता कळायला तारीख लागते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा राग आला होता. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. विद्यापीठात साहित्य शिकताना कालखंड आणि त्यामागची सामाजिक परिस्थिती बाजूला ठेवता येत नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हे अभ्यासक्रम म्हणजे नुसत्या सनावळ्या, मुलं मूळ पुस्तक न उघडता गाइडवर पास होतात, मध्ययुगाला नको तेवढी जागा दिलेली असते. आणि शेवटी हे: 'कविता कळायला तारीख लागत नाही. ज्यांना लागते त्यांनी पोपटपंची करून पगार घ्यावा. मॅडमनी एकदा मूळ ज्ञानेश्वरी वाचावी.'

आधी पगाराचं बघू. मतभेद असायलाच हवेत, पण ते माझ्या पगारापर्यंत कसे पोचले? तुमचं पोट कशावर चालतं याची चौकशी मी केलेली नाही. 'मॅडम' हा शब्द वर्गात मुलांच्या तोंडी गोड लागतो, तुमच्या वाक्यात तो टाचणीसारखा आला आहे. हे कळण्याइतकं मराठी मलाही येतं, आयुष्यभर तेच शिकवलं आहे.

एक मान्य करते. 'अमुक कालखंडाची पाच वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न कंटाळवाणा असतो, आणि तो शिकवताना मलाही कधी उत्साह वाटला नाही.

आता तुमच्या मूळ ज्ञानेश्वरीकडे येते. कोणती मूळ? ग्रंथ शके 1212 चा, म्हणजे 1290 चा. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं त्याच्या नकला होत राहिल्या. मग शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी पाठ, म्हणजे ओव्यांचे नेमके शब्द, शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं, की यात जो आपली ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. लोक घुसडत नसते तर त्यांना हे लिहावं लागलं असतं का? पुढे 1909 मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून वेगळीच संहिता छापली आणि कुठला पाठ जुना यावर पंडितांची भांडणं सुरू झाली. तेव्हा तुमच्या हातातली एखादी ओवी तेराव्या शतकातली, की सोळाव्या शतकातल्या संपादनातून आलेली, की मधल्या कुणा लेखनिकाची? हे न विचारता 'मला कविता थेट कळली' म्हणणारा माणूस नक्की कुणाची कविता वाचतो आहे?

माझ्या उमेदीची वर्षं पोथ्या वाचण्यात गेली आहेत. ओळ सलग असते, शब्द सुटे नसतात, कुठे तोडायचं ते आपलं आपण ठरवायचं. चुकीच्या जागी तोडलं की अर्थ बदलतो. त्या काळची भाषा माहीत असल्याशिवाय कुठे तोडायचं हे कळत नाही. ही पोपटपंची असेल तर असू दे. तुकोबांचंही तेच आहे. ते गेले 1650 मध्ये आणि सरकारी मदतीने गाथा छापली गेली ती 1869 मध्ये, ती सुद्धा एकमेकींशी न जुळणाऱ्या वह्या समोर ठेवून. तुम्ही अभंग म्हणता तेव्हा या सगळ्या हातांतून आलेलाच अभंग म्हणता.

आधुनिक काळात तारखेची गरज उरत नाही, असं वाटत असेल तर ताराबाई शिंदे घ्या. त्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' ही पुस्तिका 1882 ची. तारीख झाकून वाचली तर कुणीही म्हणेल, वा, अगदी आजची वाटते. या कौतुकात ताराबाईंचा अर्धा राग वाया जातो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला आपल्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, अपिलात ती कमी झाली, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर प्रवचनं झोडली. ताराबाई त्या प्रवचनांना उत्तर देत होत्या. समोरचा माणूस दिसल्याशिवाय भांडण कसं कळणार?

आणखी एक. हे पुस्तक संशोधक स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा छापलं. त्याआधी ते जवळजवळ विस्मृतीतच गेलं होतं. मी एम.ए.ला असताना ते नुकतंच हाती येऊ लागलं होतं, आणि आम्हाला शिकवणाऱ्या बाई स्वतः शिकत असताना त्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्या हुशार नव्हत्या म्हणून नव्हे. कोणत्या काळात काय छापलं गेलं, काय दडून राहिलं, हे कालखंडाच्या अभ्यासाशिवाय कळत नाही. ज्याला तारीख नको असते त्याला फक्त त्याच्यापर्यंत पोचलेली पुस्तकं माहीत असतात, आणि तो त्यांनाच साहित्य म्हणतो.

तुम्ही इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सचा दाखला दिलात. त्याने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव आणि काळ न सांगता कविता वाचायला दिल्या, बरोबर. पण त्यावर लिहिलेल्या त्याच्या 1929 च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात पानोपानी काय भरलं आहे? त्या विद्यार्थ्यांनी लावलेले चुकीचे अर्थ. त्याचा निष्कर्ष 'काळ सांगा' असा नव्हता, हे मला ठाऊक आहे, तेवढं कळवायला पुन्हा लिहू नका. पण आपल्या बाजूचा साक्षीदार आणताना त्याची साक्ष आधी वाचून यावी, एवढी अपेक्षा मी पदवीच्या मुलांकडूनही ठेवत असे.

बाकी मुद्दे. मुलं गाइडवर पास होतात? होतात. तो परीक्षेचा प्रश्न आहे, साहित्याच्या इतिहासाचा नाही, आणि त्यात मला इथे शिरायचं नाही. मध्ययुगाला जागा जास्त? मराठीत लेखन झालेल्या शतकांपैकी बहुतेक त्याच बाजूला आहेत, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. 'याने नोकरी मिळते का' हे तुम्ही कंसात विचारलंत, मीही ते कंसातच ठेवते.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त तुमच्या घरातल्या ज्ञानेश्वरीचा संपादक कोण आणि त्याने कोणता पाठ घेतला आहे, ते आधी पाहून घ्या. त्याशिवाय आलेल्या प्रतिक्रियेला मी उत्तर देणार नाही.