तंजावरच्या देवळाची सावली पडते

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक संदेश फिरून येतो. या खेपेला तो काकांनी टाकला. वर तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा फोटो, खाली दावे. शिखराची सावली कधीच जमिनीवर पडत नाही. माथ्यावर ८० टनांचा एकच अखंड दगड आहे आणि तो वर कसा नेला हे विज्ञानाला अजून उलगडलेलं नाही. जगातलं हे पहिलं ग्रॅनाइटचं देऊळ, आणि आसपास कुठेही दगड नाही. नंदी दरवर्षी वाढतो. शिखरावर हॅट घातलेला गोरा माणूस कोरलाय, म्हणजे राजराज चोळाला इंग्रज येणार हे हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. हे सगळं कोणी आणि कसं बांधलं याची कुठेच नोंद नाही. शेवटी सहलीला निघालेल्यांना सल्ला: दुपारी बाराला पोचा, सावली नाही हे डोळ्यांनी बघा, दोन तासांत तंजावर उरकतं, मग रामेश्वरची वाट धरा.

काका, तुम्ही हे अभिमानानं पाठवलंत हे मला कळतं. देऊळ आहेच तसं. पण मी तिथे तीनदा जाऊन आलेय, आणि हा संदेश वाचला की मला राग येतो. ज्या माणसांनी ते देऊळ उभारलं, त्यांची नावं त्याच भिंतींवर आहेत. आपण ती वाचायची सोडून सावली शोधत बसतो.

सावलीपासूनच सुरुवात करते. मागे जानेवारीत मी दुपारी साडेचारच्या सुमाराला त्या अंगणात होते. विमानाची सावली (तिकडे गाभाऱ्यावरच्या शिखराला विमान म्हणतात) पूर्ण अंगण ओलांडून उत्तरेकडच्या ओवऱ्यांवर चढली होती. मुलाबाळांना घेऊन आलेली कुटुंबं त्याच सावलीत बसली होती, कारण अंगणात दुसरीकडे ऊन होतं. संध्याकाळी तिथे गेलेल्या कोणालाही विचारा.

मग अफवा आली कुठून? तिच्यात एक कण खरा आहे आणि तो वहीवर मांडून बघता येतो. विमानाची उंची साधारण ६० मीटर. तळ चौरस, बाजू सुमारे ३० मीटर. टोकावरून ओळंबा सोडला तर तो तळाच्या कडेपासून १५ मीटर आत येतो. म्हणजे सूर्य डोक्यावरून साधारण १४ अंशांहून कमी कललेला असेल तोवर टोकाची सावली इमारतीच्या अंगावरच राहणार, बाहेर येणार नाही. तंजावर १०.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मार्चच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत भर मध्यान्ही हेच घडतं. खाली रुंद आणि वर निमुळतं असं काहीही उंच तिथे उभं केलं तरी असंच होईल, मग ती खळ्यातली धान्याची रास का असेना. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीच्या दिवशी शाळेतली मुलं काठी उभी करून सावली गायब होताना बघतात. तंजावरला तो दिवस १८ एप्रिलच्या आणि २५ ऑगस्टच्या आसपास येतो. उलट डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीसुद्धा सूर्य ३४ अंश दक्षिणेला झुकलेला असतो. तेव्हा टोकाची सावली मध्यापासून ४१ मीटर लांब जाते, म्हणजे तळाच्या बाहेर २६ मीटर, उत्तरेकडच्या चंडिकेश्वराच्या देवळाच्या दिशेनं. हे ऐन दुपारचं. सकाळ-संध्याकाळ तर वर्षातल्या प्रत्येक दिवशी सावली अंगणभर असते.

आणि दुपारी बाराला जाण्याचा तो सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. अनवाणी पायांखालची फरशी तेव्हा तव्यासारखी तापलेली असते, आणि दुपारभर गाभाऱ्याचं दारही बंद असतं. मागच्या वेळी एक आजी नातवाचा हात धरून चटके सोसत पळत येताना मी पाहिल्या. त्यांना कोणीतरी हाच संदेश दाखवलेला होता.

आता माथ्यावरचा दगड. ८० टन ग्रॅनाइट म्हणजे किती, याचा हिशेब करून बघा. ग्रॅनाइटचा घनमीटर पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. म्हणजे ८० टनांत जेमतेम ३० घनमीटर, तीन मीटर बाजूचा एक ठोकळा. माथ्यावरचा अष्टकोनी घुमट याहून कितीतरी मोठा आहे. देवळाची बारकाईनं मोजमापं घेणाऱ्या अभ्यासकांनी नोंदवलंय की तो अनेक तुकडे जोडून केलेला आहे. एक अजस्र शिला सहा किलोमीटरच्या उतारावरून हत्तींनी ओढत नेली, ही गोष्ट तंजावरजवळच्या सारपल्लम गावाच्या नावाशी जोडून सांगतात. गोष्ट म्हणून ती मला आवडते. पण तुकडे जोडायचे असतील तर सहा किलोमीटरच्या बांधाची गरज उरत नाही. भिंतींभोवती चढत जाणारा मातीचा उतार, लाकडी परांच्या, दोरखंड आणि पुष्कळ माणसं एवढ्यावर काम होतं. आतून विमान पोकळ आहे, म्हणजे वजन वाचवायचा विचारही आधीच झालेला होता. मला थक्क करतं ते हे. पोकळ मनोरा ६० मीटर उंच न्यायचा आणि चुना न वापरता दगडावर दगड बसवत जायचं, यासाठी गणित यावं लागतं, हात बसलेला असावा लागतो. चमत्कार म्हटलं की त्या गणिताचं श्रेय कोणालाच मिळत नाही.

दगड जवळ नव्हता हे बऱ्यापैकी खरं आहे. तंजावर कावेरीच्या गाळाच्या प्रदेशाला लागून आहे. पण पन्नासेक किलोमीटरवरच्या तिरुचिरापल्लीत शहराच्या मधोमध ८० मीटरहून उंच खडक उभा आहे, त्याच्यावर देऊळ आहे आणि आपण तो बघायलाही जातो. आणि जगातलं पहिलं? महाबलीपुरमचं समुद्रकाठचं देऊळ पल्लवांनी आठव्या शतकात ग्रॅनाइटचेच चिरे रचून बांधलं. तंजावरचं देऊळ राजराज चोळानं १०१० साली पुरं केलं.

नंदी वाढत नाही. आज आपण ज्याच्यापुढे हात जोडतो तो मुळी राजराजाच्या काळचाच नाही, तो आणि त्याच्यावरचा मंडप नायक राजांच्या, म्हणजे चोळांनंतर आणि मराठ्यांआधी तंजावरवर राज्य केलेल्या घराण्याच्या, वेळचा आहे.

हॅटवाल्याचंही उत्तर तिथेच मिळतं. विमानाच्या उत्तर अंगाला ती आकृती खरोखर आहे. पण देवळाच्या वरच्या भागातल्या चुन्याच्या मूर्तींची डागडुजी शतकानुशतकं होत आली आहे आणि ही आकृती नंतरच्या काळातली मानली जाते. तंजावरच्या रघुनाथ नायकानं १६२० साली डेन्मार्कच्या लोकांशी करार करून त्यांना तरंगंबाडीला वखार घालू दिली. टोपीवाले तंजावरकरांच्या रोजच्या बघण्यातले झाले होते. त्यासाठी राजराजाला भविष्य कळायची गरज नव्हती.

यापुढचा दावा मला सर्वात जास्त खुपतो: कोणी बांधलं याची नोंद नाही. काका, भारतातल्या फार थोड्या देवळांनी आपल्याबद्दल इतकं लिहून ठेवलंय. विमानाच्या जोत्यावर हात पुरेल त्या उंचीवर तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी चारही बाजूंनी धावतात. लोक त्यांच्यापुढे उभं राहून सेल्फी काढतात. मधल्या काळात त्या वाचणारं कोणी उरलं नाही आणि देऊळ करिकाल चोळानं बांधलं अशी समजूत रुळली, हे खरं. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हुल्ट्श या जर्मन पंडितानं हे लेख वाचून छापले आणि तेव्हापासून प्रश्न मिटलेला आहे. राजराजाचा हुकूम असा आहे: आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतर देणाऱ्यांनी दिलेलं, ते सगळं श्रीविमानावर दगडात कोरा. तमिळ मजकुरात शब्दच ‘अक्कन’ आहे, आपली अक्का. ही अक्का म्हणजे राजाची थोरली बहीण कुंदवै. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या ओळींशेजारी बराच वेळ उभी होते. एवढा मोठा राजा, आणि दगडावर स्वतःच्या पाठोपाठ बहिणीचं नाव घालतो.

कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, २७५व्या दिवशी राजानं विमानावर बसवायला तांब्याचा कळस दिला, हे लिहिलंय. मुख्य स्थपतीचं नावही आहे: कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. पेरुंतच्चन म्हणजे थोरला सुतार, मुख्य कारागीर. त्याच्या हाताखालच्या दोघांचीही नावं आहेत. मग हिशेबनीस, शिंपी, न्हावी, परीट, कुंभार, छत्र धरणारे, दिवे लावणारे, आणि कोणाला किती धान्य द्यायचं तेही. शिवाय देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणून वसवलेल्या ४०० नर्तकींची यादी: नाव, आधीचं देऊळ, आळी, ओळीतलं कितवं घर. एका वाट्याला वर्षाला १०० कलम (धान्याचं जुनं माप) भात. त्या बायकांना तिथे यायचं होतं का, हे लेख सांगत नाही आणि तो प्रश्न मी सोडून देऊ शकत नाही. पण नावं आहेत. नोंद नाही असं म्हणणं म्हणजे ती नावं दुसऱ्यांदा पुसणं.

अपुरं राहिलेलं कामसुद्धा तिथे तसंच दिसतं. विमानाच्या वरच्या मजल्यावर नृत्याची १०८ करणं, म्हणजे हातापायांच्या ठरलेल्या हालचाली, कोरायची होती. ८१ झाली, पुढचे दगड कोरे आहेत. खालच्या प्रदक्षिणामार्गात नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळांची चित्रं झाकलेली होती, ती १९३१ साली सापडली. हे दोन्ही भाग सगळ्यांना बघायला मिळत नाहीत, पण त्यांच्या प्रती आणि छायाचित्रं मिळतात. ते कोरे दगड बघितले की देवांनी एका रात्रीत बांधलं वगैरे बोलवत नाही.

राहिला तो दोन तासांचा सल्ला. मराठी माणसानं तरी तो ऐकू नये. देऊळ जिथे आहे तो नायकांचा लहान किल्ला. त्याचा खंदक आणि तटबंदी आजही दिसते. सर्वात बाहेरचं दार मराठ्यांच्या काळातलं. त्यातून आत गेलं की चोळांची दोन गोपुरं, केरळांतकन आणि राजराजन. चोळ, नायक, मराठे असे तीन काळ शंभर पावलांत ओलांडायचे. मग अंगणाच्या नैर्ऋत्येला ओवरीच्या भिंतीपाशी जा. तिथे भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, तंजावरचे राजे सरफोजी भोसले यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. मी बोट फिरवत अक्षर अक्षर लावत गेले. शहाजी, मालोजी अशी ओळखीची नावं लागायला लागली तेव्हा शेजारून सहलीचे तीन गट पाठ फिरवून निघून गेले. त्यातल्या एकाची बोली आपली कोल्हापूरकडची होती.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं. तिथलं भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. त्यांचा राजवाडा देवळापासून रिक्षानं पाच-दहा मिनिटांवर आहे. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितंच ३००० च्या आसपास आहेत, मोडीतली दफ्तरं वेगळी. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (आजोबांचंच नाव) यांनी मराठीत नाटकं लिहिली ती याच गावात. सरफोजीराजांच्या पदरी डोळ्यांवर उपचार होत, आणि रोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवलेल्या आहेत. त्याच वाड्यातल्या कलादालनात तिरुवेंकाडूला सापडलेला १०११ सालचा ब्राँझचा वृषभवाहन शिव आहे. बैल हरवलाय, हात मात्र बैलाच्या पाठीवर टेकल्यासारखाच आहे, आणि तो रिकामा हात बघत मी अर्धा तास बसले होते. देऊळ, वाडा, ग्रंथालय आणि ही मूर्ती नीट बघायची तर दोन दिवस हाताशी ठेवा. पहाटे देवळात जा, दुपार वाड्यात घालवा, आणि चारनंतर पुन्हा देवळात या.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, सोबत सावलीचा फोटो टाकला. रात्री काकांचा फोन आला. म्हणाले, “सावलीचं पटलं गं. पण त्या चारशे जणींतल्या एकीचं तरी नाव सांग की.” मी सांगितलं. यादीतली पहिली, दक्षिणेकडच्या आळीच्या दक्षिण ओळीतलं पहिलं घर: तिरुवैयारूच्या देवळातून आलेली नक्कन सेरमंगै, वाटा एक.