‘ड्रायव्हर उडवा, आवाज सुधारा’ हा सल्ला का फसतो

गेमिंग लॅपटॉपचा आवाज करकरायला लागला किंवा मध्येच तुटायला लागला की एक ठरलेला सल्ला हमखास समोर येतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन रिअलटेकचा, म्हणजे आवाजाच्या चिपचा, ड्रायव्हर (विंडोजला ती चिप चालवायला लागणारा प्रोग्राम) काढून टाका, विंडोजचा साधा ड्रायव्हर बसवा, साउंड क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा, आवाज कमी वाटला तर तो वाढवणारा बूस्टर प्रोग्राम टाका. एवढं करूनही फरक पडला नाही तर स्पीकर गेले, बदलून घ्या. लोक हा सल्ला मनापासून पुढे पाठवतात, पण त्यापायी चांगले चालणारे लॅपटॉप बिघडतात. यातलं जवळपास प्रत्येक पाऊल मी स्वतः टाकून बसलोय, म्हणून एकेकाबद्दल लिहितो.

करकर म्हणजे साउंड ड्रायव्हर खराब, हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा समज. विंडोज आवाजाचे छोटे तुकडे करून ते एकामागून एक पाठवतं. एक तुकडा साधारण १० मिलिसेकंदांचा, म्हणजे ४८,००० हर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) ४८० नमुन्यांचा. पुढचा तुकडा वेळेत आला नाही तर मध्ये पोकळी पडते, आणि तीच कानाला ‘टक्’ अशी लागते. हा उशीर दुसराच कुणी करत असू शकतो. वाय-फायचा, ग्राफिक्स कार्डचा किंवा पॉवर सांभाळणारा एखादा ड्रायव्हर प्रोसेसर जरा जास्त वेळ अडवून बसला की आवाजाचा नंबर मागे पडतो.

माझ्या लॅपटॉपवर गेम सुरू झाला की दर थोड्या वेळाने टक्-टक् यायची. साउंड ड्रायव्हर तीनदा काढून परत घातला, फरक शून्य. शेवटी कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवतोय ते दाखवणारा लेटन्सीमॉन हा फुकटचा प्रोग्राम मागे चालू ठेवून १० मिनिटं खेळलो. ड्रायव्हरच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ खाणारी फाइल निघाली नेटवर्कची. खात्री करायला वाय-फाय बंद केलं आणि ऑफलाइन गेम लावला, तर एकही टक् नाही. वाय-फाय चालू केलं, पुन्हा सुरू. वाय-फायचा ड्रायव्हर नवा टाकल्यावर त्रास गेला तो गेलाच. साउंड ड्रायव्हरचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

मग साधा ड्रायव्हर बसवायचाच नाही का? चाचणी म्हणून जरूर बसवा, पण कायमचा ठेवू नका. लॅपटॉपचे स्पीकर इवलेसे असतात. ते बरे वाजावेत म्हणून कंपनी त्या मॉडेलपुरतं ट्यूनिंग करून देते, आणि ते ड्रायव्हरबरोबरच येतं. काही मॉडेलमध्ये वेगळी अँप्लिफायर चिप असते, तिलाही तिच्या फाइली लागतात. साधा ड्रायव्हर घातल्यावर आवाज पत्र्यासारखा पातळ झाला, बास गायब झाला, तर कारण बहुधा हेच. म्हणून काहीही काढण्याआधी आपल्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या सपोर्ट पानावरून उतरवून ठेवा.

या सल्ल्यात कधी कधी ‘एन्हान्समेंट (आवाजावरचे इफेक्ट) बंद करा’ असंही असतं. तेवढं मात्र मला पटतं. डॉल्बी, डीटीएस, नाहिमिक यांपैकी एक इफेक्ट गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा आधीच असतो, त्यावर गेमचा स्वतःचा हेडफोन सराउंड (आवाज चहूबाजूंनी आल्याचा भास) चढला की एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते. शत्रूची पावलं डावीकडून येतायत की मागून, तेच कळेनासं होतं. दोन्हींपैकी एकच ठेवा.

क्वालिटी १९२,००० हर्ट्झ करण्याने काहीच मिळत नाही. ४८,००० हर्ट्झमध्ये २४,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नोंदवता येतो, आणि माणसाचा कान साधारण २०,००० च्या वर ऐकतच नाही. आकडा बदलल्यावर कधी क्षणभर बरं वाटतं, कारण फॉरमॅट बदलला की विंडोज आवाजाचा प्रवाह नव्याने सुरू करतं.

बूस्टरबद्दल मात्र कळकळीने सांगतो, टाकू नका. डिजिटल आवाजाला एक कमाल पातळी असते, तिच्या वर जागाच नसते. त्यापलीकडे ढकललं की लाटेचा माथा कापला जातो, आवाज फाटतो आणि स्पीकरची बारीक कॉइल उगाच तापते. आधी आवाज कमी का झाला ते बघा. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बोलायला लागलं की गेमचा आवाज एकदम कमी होतो ना? कंट्रोल पॅनेलमधल्या साउंडच्या खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, अशी तिथली मूळ सेटिंग असते. ‘डू नथिंग’ निवडा.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘हार्डवेअर गेलं’. ब्लूटूथ हेडफोन गेममध्ये अचानक टेलिफोनसारखा वाजायला लागला तर तो बिघडलेला नाही. त्याचा माइक चालू झाला की जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ फोन कॉलसाठीच्या हँड्सफ्री मोडमध्ये जातं आणि स्टिरिओ सुटतो. इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडला की आवाज परत येतो. काही जण सूं-सूं शिट्टीची तक्रार करतात. आवाज म्यूट करूनही ती ऐकू येत असेल तर ती स्पीकरमधून येतच नाही, बहुधा ग्राफिक्स कार्डाजवळच्या कॉइल कंप पावतायत. गेमच्या मेनूमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) शेकड्यांत जातो तेव्हा ती वाढते. फ्रेमरेटला मर्यादा घातली की कमी होते.

खरा स्पीकर बिघाड ओळखायची रीत साधी आहे. हेडफोन लावा. त्यात आवाज स्वच्छ असेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करा, म्हणजे विंडोजचे ड्रायव्हर बाजूला राहतील, आणि २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर स्पीकरवर मध्यम आवाजात वाजवा. तिथेही दर वेळी त्याच एका सुरापाशी खरखर आली तर बहुधा स्पीकरचा पडदा फाटलाय किंवा एखादा स्क्रू सैल झालाय. तेव्हा मात्र लॅपटॉप उघडावाच लागतो.