म्हणे ख्रिस्ती कादंबऱ्यांत जादूच नसते!

आमच्या मंडळीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, धारणी-परतवाड्याकडं बऱ्याच जणांले आला असंल: 'ख्रिस्ती लेखकांच्या फँटसी कादंबऱ्यांत जादू नसते, असली तरी फक्त दुष्टांकडे असते, म्हणून पोरांना नार्निया द्या, हॅरी पॉटर नको, त्यानं पोरं जादूटोण्याकडे वळतात.' आता संडेस्कूलच्या कपाटातली पुस्तकं निवडणं सुरू झालं म्हणून लिहून राहिलो.

जादू नसते? अरे बावा, ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेचं 1950 चं पहिलं पुस्तक उघडून तर पाहा, तेराव्या अन् पंधराव्या प्रकरणाच्या नावातच मॅजिक आहे. अन् ते शोभेपुरतं नाही. गद्दारावर चेटकिणीचा हक्क हा जुन्या जादूचा कायदा, म्हणून असलान सिंह गद्दारी केलेल्या पोट्ट्याच्या जागी स्वतः मरते, अन् त्याहूनही जुनी जादू त्याले परत उठवते. म्हणजे आपल्याले जिथं येशूचं मरण अन् पुनरुत्थान दिसते तोच भाग जादूचा! ती काढली त गोष्टच उरत नाही.

दुष्टांकडेच असते हेही खोटं. नार्नियाच्याच 1952 च्या डॉन ट्रेडरच्या भागात लूसी, म्हणजे सगळ्यात गुणी पोरगी, जादूगाराच्या पोथीतून मंत्र म्हणते अन् अदृश्य झालेले दिसू लागतात, त्यात खुद्द असलानही. तो जादूगार असलानच्याच बाजूचा. पण त्याच्या आधी तीच लूसी सुंदर व्हायचा मंत्र म्हणाले जाते तेव्हा पानावर असलानचा गुरगुरता चेहरा दिसते, मैत्रिणीचं चोरून ऐकते त त्याच्यावरून बोलणी खाते. लुईसले जादूचं वावडं नाही, कशासाठी वापरता हे तो पाहते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टोल्किन त पक्का कॅथलिक, अन् त्याचा गँडाल्फ कोण आहे? चांगल्यांच्या बाजूचा जादूगारच ना!

राहिला जादूटोणा. मेळघाटात लेकराचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाचे डंबे देतात, त्यासाठी भूमकाकडं, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडं, जाणाऱ्या मायनं कोणती कादंबरी वाचली होती? दवाखाना लांब अन् डॉक्टरवर भरवसा नाही, हे कारण आहे. (2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही भोंदूगिरीसाठी आहे, गोष्टीच्या पुस्तकांसाठी नाही.)

अन् जादू शोधत बसलं की आपलेही सुटत नाहीत. मॅडेलिन लेंगल श्रद्धाळू ख्रिस्ती बाई, तरी तिच्या 1962 च्या 'अ रिंकल इन टाइम' कादंबरीवर अमेरिकेत ख्रिस्ती लोकांनीच जादूटोण्याचा ठपका ठेवला. ज्याले जादू नकोच त्यानं खुशाल नाही म्हणावं, पण मग नार्नियाही काढा, अन् ठेवायचं असंल त पोट्ट्याईले 'याच्यात जादू नाही' असं सांगू नका, ते वाचतेत ना बावा.