सदाफुली चावून कॅन्सर जात नाही

‘दारातल्या सदाफुलीची पाच पानं रोज अनशापोटी चावा. साखर उतरते, कॅन्सर जवळ फिरकत नाही. नैसर्गिक आहे, अपाय नाही. कंपन्या याच पानांचं औषध काढून लाखोंना विकतात, म्हणून कुणी सांगत नाही.’ हा निरोप घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीची खपतात.

आधी साखर. हाच दावा कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधक रॉबर्ट नोबल यांनी तपासायला घेतला होता. १९५२ मध्ये त्यांच्या भावाकडून जमैकातली पानं आली. तिथले मधुमेही त्यांचा काढा पीत. उंदरांना अर्क पाजला, साखर हलली नाही. मग अर्क टोचला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. अस्थिमज्जा दबून रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. शोधाची दिशा तिथे वळली: पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर हे चालेल का? नोबल यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी अर्कातले घटक अ‍ॅल्युमिना भरलेल्या नळीतून वेगळे काढले. ज्या हिश्शाने उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटतील तोच पुढे न्यायचा, बाकीचे सोडायचे. १९५८ पर्यंत हाती शुद्ध विनब्लास्टीन हे कॅन्सरचं औषध आलं. याच झाडातलं दुसरं औषध, विनक्रिस्टीन, पुढे एली लिली या अमेरिकी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलं.

म्हणजे पानांत कॅन्सरचं औषध आहे हे खरं. पण किती? या झाडात शंभराहून जास्त अल्कलॉइड, म्हणजे झाडात बनणारी तीव्र परिणामाची रसायनं, आहेत, आणि त्यांत विनक्रिस्टीन नावापुरतं. एक ग्रॅम मिळवायला वाळलेली पानं शेकडो किलो लागतात. पाच पानांत काय येणार? शिवाय हे औषध पोटातून भरवशाने शोषलं जात नाही, म्हणून ते शिरेतूनच देतात.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे तर उलटंच. ही औषधं विभागणाऱ्या पेशींना अडवतात, मग ती पेशी गाठीतली असो की मज्जेतली. दोन्ही रेणू जवळजवळ सारखे. एका ठिकाणी मिथाइलच्या जागी फॉर्मिल गट, एवढाच फरक. तरी विनब्लास्टीनचा मार प्रामुख्याने मज्जेवर आणि विनक्रिस्टीनचा चेतातंतूंवर (नर्व्हजवर) पडतो. विनक्रिस्टीन चुकून मणक्यात टोचलं गेलं तर रुग्ण सहसा वाचत नाही. म्हणूनच कुठला रेणू, किती मिलिग्रॅम, हे ओळखून-मोजून द्यावं लागतं. अंगणातल्या पानांत ते मोजमाप नसतं, आणि बाकीची अल्कलॉइडं फुकट पोटात जातात. केमोथेरपी चालू असलेल्याने तर ती आपल्या मनाने मुळीच खाऊ नयेत.

राहिला कंपन्यांच्या लपवाछपवीचा आरोप. नोबल आणि बीअर यांनी आपलं काम १९५८ मध्येच न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापलं. विनक्रिस्टीन जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही रोजच्या वापरात आहे, तेही जेनेरिक स्वरूपात.