साहेब, टीमचं मनोबल खच्ची करायचंय? फार सोपंय

अभिनंदन साहेब, तुमच्या कंपनीत रिस्ट्रक्चरिंग निघालंय! आता लीडरशिप दाखवायची वेळ आलीच आहे, तर सगळ्यात आधी तोंडाला कुलूप लावा. कोणाची टीम राहणार, कोणाची जाणार असं कोणी विचारलंच तर "आत्ता तरी शेअर करण्यासारखं काही नाही" म्हणायचं आणि केबिनचं दार लावून घ्यायचं. लंचपर्यंत चार याद्या फिरायला लागतात आणि चारही याद्यांत सगळ्यांची नावं असतात, कामाचं मग कोण बघतंय.

शुक्रवारी संध्याकाळी निघता निघता एक इन्व्हाइट टाका. सोमवार सकाळ, पंधरा मिनिटं, विषय "क्विक कनेक्ट", एचआर कॉपीत, अजेंडा कोरा. माणसाचा शनिवार-रविवार छान सत्कारणी लागतो.

एकेकाशी बोलायला जड जात असेल तर डोळ्यासमोर मोठे आदर्श आहेतच की. बेटर डॉट कॉम या अमेरिकन गृहकर्ज कंपनीचे सीईओ विशाल गर्ग यांनी डिसेंबर 2021 मध्ये एका झूम कॉलवर सुमारे 900 जणांना घरी पाठवलं, या कॉलवर आहात म्हणजे तुमची नोकरी गेली, विषय संपला. पी अँड ओ फेरीज या ब्रिटनच्या प्रवासी बोटींच्या कंपनीने तर मार्च 2022 मध्ये जवळपास 800 लोकांना आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवला, समोरून प्रश्न यायची भानगडच नाही!

निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांना मात्र अजिबात फॉलो करू नका. 2013 मध्ये हा माणूस शेअरहोल्डर्सना सांगत होता की नोकरी जाईल या भीतीत बसलेले लोक चांगलं काम करूच शकत नाहीत, आणि 2014 मध्ये आकडे गडगडले तर त्यांनी काही महिने स्वतःचाच पगार अर्धा केला. असले लोक बाकीच्या साहेबांची पंचाईत करतात.

आता जे उरलेत त्यांच्याकडे वळा, खरी मजा इथेच आहे. गेलेल्याचं नाव मीटिंगमध्ये काढायचं नाही, निरोपाचा मेल नाही, अकाउंट सकाळीच बंद, आणि त्याची अर्धवट एक्सेल शीट शेजारच्याला फॉरवर्ड, वर "प्लीज टेक केअर" एवढंच. शेजारचा रात्री दहापर्यंत ती शीट उलगडत बसतो आणि दुसऱ्या टॅबमध्ये स्वतःचा रेझ्युमे अपडेट करतो, कारण उद्या आपल्यालाही असंच काढणार हे त्याला कळून चुकलेलं असतं (गेलेल्यांना कसं वागवलं हे उरलेले फार बारकाईने बघतात, पण तुम्ही कशाला लक्ष देताय). वर त्याला "नोकरी वाचली ना, मग?" हे ऐकवायला विसरू नका.

महिनाभराने सर्व्हे काढा, नाव गुप्त राहील म्हणून सांगा, फक्त टीम, ग्रेड आणि जॉइनिंगचं वर्ष तेवढं भरून घ्या. तीन जणांच्या टीममध्ये सगळे 5 पैकी 5 देतात, हमखास. तो स्कोअर वरच्यांना दाखवा, आणि त्याच आठवड्यात तुमच्या सगळ्यात कामाच्या माणसाने राजीनामा टाकला तर एचआरला कळवा, कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" लिहायचं असतं.