बेन मॉन्डर यांचं नाव यायलाच हवं होतं

अमेरिकेतल्या पॉटकेट शहराच्या बेसबॉल संघाच्या १९८१ मधल्या ३३ डावांच्या सामन्याबद्दल तुमच्या लेखात छान लिहिलंय. पहाटे चारनंतर खेळ थांबवला तेव्हा अवघे १९ प्रेक्षक उरले होते! पण त्यात बेन मॉन्डर यांचा उल्लेखच नाही, याची रुखरुख लागली. दिवाळखोरीत निघालेला हा संघ १९७७ साली या निवृत्त गिरणीमालकाने घेतला. तिकीट स्वस्त, पार्किंग फुकट; माणसं मुलाबाळांसह मॅककॉय स्टेडियमवर येऊ लागली. तिथे खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या बरोबर खाली होती. मुलं दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवायची, दोरीने खाली सोडायची आणि सही झाली की वर ओढून घ्यायची. किती गोड प्रथा! २००५ च्या हंगामात साडेसहा लाखांवर प्रेक्षक आले, आणि शहराची वस्ती जेमतेम पाऊण लाखाची.

मॉन्डर २०१० मध्ये गेले. पुढे नव्या मालकांची नव्या स्टेडियमसाठीची बोलणी फिसकटली आणि २०२१ पासून संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात गेला. त्यात २०२० चा हंगाम कोरोनामुळे रद्द. इतकी वर्षं संघ जपणाऱ्या लोकांना निरोपाचा सामनाही मिळू नये, हे फार लागतं. यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.