आयोमेगा पेटंटचोरीमुळे बुडाली काय?

जळगाव-भुसावळकडील गुंतवणूकदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: आयोमेगा या अमेरिकी कंपनीने केवळ पेटंटच्या बळावर झिप ड्राइव्ह (काढता-घालता येणाऱ्या डिस्कवर फाइली साठवणारे संगणकाचे यंत्र) जगभर खपवला, प्रतिस्पर्ध्यांनी तिचे तंत्र चोरले म्हणून ती बुडाली, सबब आज डेटा साठवणुकीच्या व्यवसायात जो पक्ष पेटंटचा खटला जिंकेल, त्याचे शेअर निःशंक घ्यावेत. यातील कंपनी खरी आहे आणि खटलेही खरे आहेत, मात्र त्यांतून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

झिप ड्राइव्ह पेटंटमुळे खपला, हे पहिले विधान. १९९५ मध्ये तो बाजारात आला तेव्हा ड्राइव्हची किंमत सुमारे २०० डॉलर आणि १०० एमबीच्या डिस्कची सुमारे २० डॉलर होती. त्या वेळची फ्लॉपी १.४४ एमबीची, म्हणजे एका डिस्कमध्ये जवळजवळ सत्तर फ्लॉप्या मावत. त्याच वर्षी सायक्वेस्ट कंपनीने १३५ एमबीचा स्वतःचा ड्राइव्ह विक्रीस आणला, तोही उघडपणे, कोणत्याही पेटंटची आडकाठी न होता. अधिक क्षमतेचा माल समोर असूनही झिप पुढे गेला, याचे श्रेय किंमत, पुरवठा आणि जाहिरात यांना द्यावे लागते.

दुसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे. ड्राइव्ह स्वस्तात देऊन डिस्कवर नफा मिळवायचा, अशी आयोमेगाची रीत होती. त्यामुळे झिपमध्ये चालणारी डिस्क दुसऱ्या कोणी काढणे म्हणजे तिच्या मुख्य कमाईवरच घाला होता. फ्रान्समधील नोमाईने नेमके तेच केले. आयोमेगाने तिला युरोपात न्यायालयात खेचले आणि १९९८ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. पुढे सायक्वेस्टशीही पेटंटवरून वाद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सायक्वेस्ट दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी तिची मालमत्ताही आयोमेगाकडेच आली. म्हणजे ज्यांच्यावर चोरीचा ठपका ठेवला जातो, ते दोन्ही प्रतिस्पर्धी मैदानातून हटले होते. तरीही आयोमेगाची घसरण थांबली नाही. मे १९९६ मध्ये शिखर गाठलेला तिचा शेअर त्या उंचीवर पुन्हा कधी पोहोचला नाही, आणि २००१ मध्ये तर पाच शेअरांचा एक करण्याची वेळ आली.

मग घसरण कशाने झाली? ड्राइव्हमधील डिस्क वाचणाऱ्या हेडच्या बिघाडाने होणाऱ्या टकटकीला अमेरिकेत ‘मृत्यूची टकटक’ असे नाव पडले होते आणि त्यावरून १९९८ मध्ये ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. त्याहून मोठा घाव सीडीचा होता. मी त्या काळी जळगावात डीटीपीचे काम करीत असे आणि मुंबईच्या छापखान्यांना पानांच्या फाइली आम्ही झिप डिस्कवरच पाठवीत असू. सीडी रायटर आवाक्यात आला आणि ६५० एमबीच्या कोऱ्या सीडींचा गठ्ठा एका झिप डिस्कच्या भावात मिळू लागला, तेव्हा झिप कपाटात गेला तो गेलाच. सीडीने आयोमेगाचे एकही पेटंट मोडले नव्हते. २००० पासून आलेल्या पेन ड्राइव्हनेही नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण रावेर-यावलचा शेतकरी आजही सकाळी मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव विचारतो. मानांकन आणि पेटंट या कायद्याने वेगळ्या गोष्टी असल्या, तरी नावाच्या संरक्षणाने मालाचा भाव बांधला जात नाही, हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगावे लागू नये. अखेर २००८ मध्ये डेटा साठवणुकीच्या व्यवसायातील ईएमसी या कंपनीने आयोमेगा सुमारे २१.३ कोटी डॉलरना घेतली.

तिसरे विधान खिशाला सर्वाधिक महागात पडणारे आहे, कारण त्यात ज्यूरीचा निकाल आणि हाती आलेले पैसे यांत भेदच केलेला नाही. हार्ड डिस्कवरील चुंबकीय खुणा संकेतांत मिसळलेल्या गोंगाटातूनही अचूक वाचण्याच्या पद्धतीची पेटंटे कार्नेगी मेलन विद्यापीठाकडे होती आणि हार्ड डिस्कच्या चिप बनवणाऱ्या मार्व्हेलवर त्याने २००९ मध्ये दावा लावला. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने सुमारे ११७ कोटी डॉलर भरपाई ठरवली. २०१४ मध्ये न्यायाधीशांनी ती सुमारे १५४ कोटींवर नेली. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने उल्लंघन झाल्याचे मान्य केले, परंतु वाढीव दंड रद्द केला, सुमारे २७.८ कोटींची भरपाई कायम ठेवली आणि अमेरिकेबाहेर बनून बाहेरच वापरल्या गेलेल्या चिपांपैकी कोणत्या अमेरिकेत विकल्या असे म्हणता येईल, हे पुन्हा तपासायला सांगितले. शेवटी २०१६ मध्ये ७५ कोटींवर तडजोड झाली. सात वर्षांत आकडा इतक्यांदा बदललेल्या या खटल्यात जिंकणाऱ्या पक्षाचा शेअर कोणाला घेताच आला नसता, कारण तो पक्ष विद्यापीठ होता.